न पिळलेलं फडकं

कवठ पिकलंय का हे बघायला ते जमिनीवर टाकतात. कच्चं उसळतं, पिकलेलं जागच्या जागी बसतं. बाजारातल्या मावशींनी दोन टाकून दाखवली आणि विचारलं, "घरी किती माणसं, काका?"

मी म्हटलं, "चार द्या."

बायको गेल्यावर पहिल्यांदाच जेली करत होतो. गर उकळून फडक्यात बांधला आणि नळाला टांगला. खालच्या पातेल्यात थेंब पडू लागले, अगदी सावकाश. ती दरवर्षी दटावायची, "हात लावू नका हं, पिळलं की जेली गढूळ होते." आणि मी दरवर्षी तिची पाठ वळली की पिळायचो. जेली गढूळच व्हायची. "कवठंच तसली निघाली," असं म्हणत ती माझ्याकडे बघून हसायची.

कवठ मोठं गुणी फळ. जेली धरायला लागणारा चिकटपणा त्याच्या अंगातच असतो. रस साखर घालून आटवायचा आणि वाट बघायची, एवढंच आपलं काम. यंदा मला घाई कसली? दुपारभर थेंब बघत बसलो.

संध्याकाळी बरणी उजेडात धरली. जेली लाल, काचेसारखी नितळ झाली होती. तिच्यातून सगळं स्वयंपाकघर आरपार दिसत होतं, आणि पाठ वळवून उभं असलेलं तिथं कुणी नव्हतं.