एका बाजूला बसणारी आवडाबाई

आवडाबाईला गाडी लागते. एस.टी. लागते, जीप लागते, टमटम लागते. घाटाची दोन वळणं झाली की पोटात असेल नसेल ते बाहेर. आवळासुपारी, लिंबू, नाकाशी धरलेला कांदा, सगळे उपाय करून झाले. चालते ती फक्त मोटरसायकल, कारण वारा तोंडावर येतो. त्यामुळे साठीला टेकली तरी म्हसळ्याच्या आतली तिची वाडी आणि फार तर माणगावचा बाजार, एवढीच तिची धाव होती. आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

पण लेक प्रणाली पनवेलला दिलेली. तिला सातवा लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून उतरायचं नाही, प्रवासाचं तर नावच काढू नका. झालं! पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिथंच मोडली. आवडाबाई दिवसभर चुलीपाशी बसून होती. संध्याकाळी मुलगा शुभम कारखान्यातून आला, तेव्हा ती म्हणाली, "ती हितं न्हाय येत, तर मी तितं जाते. तुझ्या गाडीवर."

शुभमची सुट्टी गुरुवारची. दर गुरुवारी उजाडता निघायचं, लेकीला बघायचं, केसांना तेल लावायचं, चार घास भरवायचे आणि संध्याकाळी परत. राहायची सोय नव्हती असं नाही, पण घरची म्हैस आवडाबाईशिवाय दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू देईना. नवरा बाळाजीनं एकदा तिचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून पाहिलं, तर म्हशीनं त्याच्यासकट बादली लाथाडली.

आता इतक्या लांब जायचं तर नीट बसावं की नाही! पण नाही. बाई एका बाजूला पाय सोडून बसणार. शुभमनं समजावलं, "आये, दोन्हीकडं पाय टाकून बस. पंजाबी ड्रेस घाल. कोण बघतंय?"

"वाडी बघतीय."

"वाडी काय पनवेलपर्यंत येतीय?"

"तुझ्या बहिणीची सासू तर तितंच हाय ना!"

साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी आणि पाय ठेवायची पट्टी गाडीच्या डाव्या अंगालाच असते, तेव्हा कूस बदलायचीही सोय नाही. जाताना तीच बाजू, येतानाही तीच. माणगावपर्यंत ठीक चालायचं. कोलाडच्या पुढं कंबरेत कळ निघायची, नागोठण्याला डाव्या पायात मुंग्या, आणि वडखळ येईतो तो पाय आपला आहे की कुणी मागं टांगलेलं गाठोडं आहे, तेच तिला कळायचं नाही. खड्ड्यात गाडी आपटली की ती ओठ दाताखाली दाबून शुभमचा खांदा धरायची, पण तोंडातून हूं की चूं नाही.

कारण बोललं की पोरगा गाडी बंद करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं आपल्या परीनं युक्त्या काढल्या. बुडाखाली गोधडीची घडी घेतली. चढाला गाडी हळू झाली की तेवढ्यात पाय झटकायची. आणि जन्मात कधी टपरीचा चहा तोंडाला न लावलेल्या या बाईला आता दर नाक्यावर चहाची तल्लफ येऊ लागली. उतरायचं, गाडीला धरून उभं राहायचं, पायात जीव येईपर्यंत कपात फुंकर घालत राहायचं. शुभमला वाटलं, म्हातारपणी आईला शहराचा शौक लागला. साधा पोरगा!

पुढं पुढं पायात जीव परत यायचा तो पुरता येईना. अंगणातून चालताना डावी चप्पल मागं राहायची आणि ही तशीच पुढं. बाळाजी हाक मारून सांगायचा, तेव्हा ही म्हणायची, "पट्टा सैल झालाय." रात्री मिठाची पुरचुंडी तापवून शेकायची. खरं सांगायचं तर ती मनातून घाबरली होती. पण वाडीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली, आणि आपल्याच नातवंडाला दुसरी कुणी न्हाऊ घालणार, हा विचार तिला पायापेक्षा जास्त सलायचा. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. त्यापायी तिनं सगळं सोसलं, आणि इथंच ती चुकली.

मुलगी झाली. म्हैस एव्हाना आटली होती, तिला जावेच्या गळ्यात घालून आवडाबाई सव्वा महिन्यासाठी पनवेलला आली. प्रणालीची सासू, नीराबाई, चांगुलपणानंच म्हणाली, "मालिशवाली सांगून ठेवलीय, बाळाला तीच न्हाऊ घालेल, तुम्हाला त्रास नको." आवडाबाईला ते झोंबलं. "मी जिती असताना?" एवढंच ती बोलली, आणि मालिशवालीचा विषय मिटला.

पहिल्या आंघोळीला ती न्हाणीघरात पाटावर बसली. लुगडं गुडघ्यावर घेतलं, पाय लांब केले. बाळ तेल लावून प्रणालीच्या हातात. आवडाबाईचे हात चुलीवरची भांडी उतरवून निबर झालेले, पाणी जोखायला त्यांच्यावर तिचा कधीच भरवसा नव्हता. ती पहिला तांब्या स्वतःच्या नडगीवर ओतायची. पायाला सोसलं की बाळाला सोसतं, हा तिचा हिशोब आजवर चुकला नव्हता. तिनं डाव्या पायावर तांब्या ओतला.

"गार हाय गं. कढत सोड जरा."

प्रणालीनं बाळ सांभाळत एका हातानं नळ फिरवला. आवडाबाईनं परत ओतलं. "आणखी सोड." मग तिनं बाळ पायांवर घेतलं, तांब्या भरून उचलला. त्यातले चार थेंब निथळून उजव्या पायावर पडले आणि ती कळवळली. तिनं डाव्या पायाकडं पाहिलं. नडगी लालबुंद झाली होती, आणि तिला काही म्हणजे काही लागत नव्हतं. बाळ पायांवर निवांत पडलं होतं.

तांब्या तिनं लांब ठेवला. बाळ तसंच उचलून प्रणालीच्या हातात दिलं.

"आये, काय झालं? भाजलं व्हय तुला?"

"न्हाय. भाजलंच न्हाय." आणि मग भिंतीला टेकून ती रडायला लागली. "पाय मेलाय गं माजा. किती दिस झाले, कुणाला बोलले न्हाय. आज तुजी पोर गेली असती माज्या हातून."

दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले, शीर दबली आहे, पायात जाणीव परत येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मालिशवालीला बोलवायला आवडाबाईनं स्वतःच सांगितलं.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तरणी, हसतमुख बाई. पाटावर बसली, बादली पुढं ओढली, आणि दारात उभ्या असलेल्या आवडाबाईला मानानं म्हणाली, "आजी, तुम्ही मोठ्या. तुम्हीच बघा बरं, पाणी चालेल का?"

आवडाबाई जागची हलली नाही.

"मला नको इचारू बाय," ती म्हणाली. "मला न्हाय कळत."