कागदावर बंद झालेलं बंदर

यादवीत सबानिया बंदराचा, जहाजांना खाडीतून वाट दाखवत आत आणणारा वाटाड्या एवारिस्तो बंडखोरांना फितूर झाला, असं गल्लीत सगळे चवीनं बोलत. कसला फितूर! त्याला बायकोशी भांडायचाही कंटाळा, तो बंड कुठलं करतो!

बंदर बंडखोरांच्या हाती होतं. राजधानीतून सरकारनं तारेनं हुकूम धाडला: बंदर बंद, जो वाटाड्या जहाज आत आणील त्याचा परवाना जाईल. खाडीच्या तोंडाशी मात्र सरकारची एक होडीही नव्हती. परदेशी कप्तान असला कागदी हुकूम मानत नसत. निशाण चढवून वाटाड्याला बोलवत. न जावं तर जहाज वाळूत रुतणार. मग एवारिस्तो कण्हत होडी काढायचा.

शेवटी सरकार जिंकलं. अधिकारी परवाना काढून घ्यायला आला. "हुकूम वाचला नव्हतास, म्हाताऱ्या?"

"वाचला, साहेब. पण बंदर बंद करायचं तर तोंडाशी एक जहाज उभं करायचं होतंत. मलाही घरी झोपता आलं असतं."