मैनेला विचारलं का?

शाहपूरहून परत येताना मला कोणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. स्कूटीच्या डिकीत केळीची एक फणी आणि डोक्यात एखादा किस्सा, हे ठरलेलं. केळी चार दिवसांत काळी पडतात. किस्से मात्र कितीही वाटले तरी संपत नाहीत! मी जनावरांची डॉक्टर, राहायला बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्याला. गाईम्हशींचं एक पोतंभर सांगता येईल, पण आज फक्त एका घोडीचं सांगते. तिचं नाव मैना.

*

सुभाषभाऊ म्हणजे शाहपूरचे केळीवाले शेतकरी. त्यांचे वडील नाना. वय ऐंशीच्या पुढे, छाती कमजोर, खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन. त्यांच्या घरी पूर्वी कायम घोडी असायची. ट्रॅक्टर आला आणि घोडी गेली.

त्या हिवाळ्यात नानांच्या डॉक्टरांनी सुभाषभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, "पुढचा हिवाळा निघाला तर नशीब समजा." सुभाषभाऊंनी घरी येऊन वडिलांना विचारलं, "नाना, काही इच्छा?" त्यांना वाटलं, नाना काशीचं नाव काढतील.

नाना म्हणाले, "अंगणात शिंगरू नाचताना पाहायचंय रे एकदा. बस, अजून काय नको."

घोडीचं पिल्लू! आठवड्याभरात सुभाषभाऊ घोडेबाजारातून मैनेला घेऊन आले. तांबूस अंग, कपाळावर पांढरी चांदणी. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, पूर्ण तीन वर्षांची. "फागुनात घोडा दाखवू, पुढच्या साली शिंगरू!" सुभाषभाऊ मला म्हणाले. "डॉक्टरताई, तुम्ही फक्त हां बोला."

मी मैनेचं तोंड उघडून पाहिलं. पुढचे दोन पक्के दात आलेले. पुस्तकाप्रमाणे वय अडीच ते तीन. मी हां बोलले!

*

घोडा होता आप्पांचा. आप्पा बुऱ्हाणपुरातच, बुधवाऱ्यात राहतात, लग्नाच्या वरातीला घोड्या देतात. साठी कधीच ओलांडलीय, शाळा तिसरीपर्यंत. आपला घोडा कुणाच्या घोडीला दाखवायचा तर ते आधी स्वतः येऊन घोडी बघतात. मुलगी पाहायला आल्यासारखे येतात, टोपी नीट करून.

त्यांनी मैनेच्या दातांकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसले आणि तिच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यावर, जरा वरच्या बाजूला, अंगठा ठेवला. डोळे मिटले. मिनिटभर तसेच.

"कच्चा आहे," आप्पा म्हणाले. "पोरगी दोनची पण नाही झाली पुरी."

मी उखडलेच. "आप्पा, दोन दात आलेत! मी पाहिलेत."

"आले नाही, आणले. दुधाचे दात उपटून टाकले की पक्के लवकर येतात. बाजारात हेच चालतं, ताई. दात खोटं बोलू शकतो. गुडघा कसा बोलेल?"

मी हट्टाने पोर्टेबल एक्स-रे मशीन मागवलं. फोटो काढला. गुडघ्याच्या वर, हाड जिथून वाढतं तिथे, फट स्वच्छ उघडी. मैना दोन वर्षांच्या आतलीच! पाच वर्षं शिकून मी जे चुकले, ते या माणसाने एका अंगठ्याने सांगितलं होतं. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, अंगावर काटा आला.

*

आता नानांना कोण सांगणार? सुभाषभाऊंचा जीव वरखाली. ते आप्पांना गोठ्यामागे घेऊन गेले. "आप्पा, यंदाच होऊन जाऊ द्या ना. नानांचं काय खरं आहे?"

"माजावर येईल ती, गाभण पण राहील. पण तिचंच अंग अजून वाढतंय, पोटातल्याला काय देईल? निभेल किंवा नाही निभणार. मी नाही घोडा आणणार." आप्पा म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं.

खाट भिंतीपलीकडेच होती. नानांनी सगळं ऐकलेलं. त्यांनी नाकावरची नळी बाजूला केली आणि हाक मारली.

"सुभाष! पोरीला घाई करू नको. मी थांबतो!"

*

आणि थांबले की! पुढचा हिवाळाही निघाला. नानांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिले. नानांना आता कामच मिळालं होतं. खाट गोठ्याच्या दाराशी हलवली, मशीनला लांब वायर जोडली, आणि दिवसभर मैनेशी गप्पा.

त्या हिवाळ्यानंतरच्या फागुनात आप्पा आले. अंगठा ठेवला. "गुडघा पक्का झाला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी बरगडीवर बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे काय? बरगडी बोटाला लागली पाहिजे, डोळ्याला दिसायला नको. इथे तर बोट बुडून राहिलं!"

मी चाऱ्याचा हिशेब विचारला. सगळं माझ्या चार्टप्रमाणेच. सुभाषभाऊ शपथ घ्यायला लागले. तेवढ्यात मैनेने मान लांब करून नानांच्या उशीखाली तोंड घातलं आणि एक केळ काढलं!

नाना आढ्याकडे बघत राहिले. "घरचीच आहेत," म्हणाले. "वाया जात होती."

मैनेला रोज चार किलोमीटर चालवायची शिक्षा झाली. नानांची उशी रोज सकाळी तपासायची, ही सूनबाईंची ड्युटी!

*

महिन्याभराने मैना बेताची झाली. आप्पांनी टेंपोतून घोडा आणला आणि गोठ्याच्या अर्ध्या भिंतीपलीकडे उभा केला. मी तपासणी करून सांगितलं, "माजावर आहे. सगळं तयार आहे."

"तुम्ही तयार आहात ताई," आप्पा म्हणाले. "मैनेला विचारलं का?"

मैनेने कान मागे पाडले, फिरली, आणि भिंतीवर अशी लाथ मारली की वरची वीट खाली! आप्पांनी शांतपणे घोडा टेंपोत चढवला. सुभाषभाऊ रडकुंडीला आले. आप्पा म्हणाले, "नाही म्हणते, दिसत नाही का? जबरदस्ती माझ्या दारात नाही होत, तुमच्या पण नाही होणार. एकवीस दिवसांनी परत माजावर येईल, तेव्हा येतो."

एकवीस दिवसांनी आले. तेच भिंतीपलीकडे उभं करणं. मैना पुढे आली. घोड्याच्या नाकाला नाक लावलं. कान पुढे, पाय स्थिर, नजर मऊ. नानांचं मशीन घरघरत होतं. आप्पांनी हळूच टोपी काढून काखेत धरली. मी आजवर शेकडो जनावरं तपासली आहेत, पण एका जनावराचं हो म्हणणं इतकं स्पष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

*

घोडीचं पोट अकरा महिने चालतं. त्या अकरा महिन्यांत कळलेली एक गोष्ट. आप्पांच्या हाताखाली पन्नास-साठ शिंगरं झाली असतील. पण होताना त्यांनी एकही पाहिलेलं नाही!

"घोडी माणसासमोर वीत नाही, ताई. रोखून धरते. एकदा मी तीन दिवस बसलो. कडब्यात लपलो, श्वास पण मोजून घेतला. चौथ्या दिवशी दोन मिनिटं लघवीला गेलो. येऊन बघतो तर पिल्लू बाहेर!"

"मग वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. एवढी जिंदगी घोड्यांत गेली, आणि तेवढंच राहून गेलं." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

*

दिवस भरत आले. नाना आणखी एक हिवाळा काढून बसले होते, पण आता फार थकले होते. दिवसातले दोनतीन शब्द, तेही मैनेशीच. सुभाषभाऊ रोज मला फोन करायचे. आधी कुणाचा नंबर लागतो, हीच भीती त्यांच्या आवाजात असायची. तोंडाने कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी मी आणि आप्पा, दोघेही सकाळपासून तिथे होतो. मी मैनेच्या आचळातल्या चिकाचा थेंब पट्टीवर तपासला आणि सांगितलं, "अजून चार दिवस." आप्पांनी शेपटीच्या मुळाशी हात लावून पाहिलं. "ताईंचं बरोबर आहे. मंगळवारच्या आत नाही." आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं! त्या आनंदात सूनबाईंनी केलेलं वांग्याचं भरीत खायला आम्ही सगळे घरात गेलो. नाना तेवढे खाटेवर, मैनेपाशी.

जेवण, त्यावर ताक, त्यावर गप्पा. तासभर गेला असेल. गोठ्याकडे परत आलो आणि दारातच सगळ्यांचे पाय थबकले.

मैना मान खाली घालून काहीतरी चाटत होती. ओलं, काळपट, चार लांब काड्यांवर लटपटणारं. कपाळावर चांदणी! ते दोन पावलं आलं, धडपडलं, पुन्हा उठलं, आणि नानांच्या खाटेवर नाक टेकवून उभं राहिलं. नानांचा हात त्याच्या मानेवर होता. नळी नाकातून निसटलेली, त्याचं त्यांना भानच नव्हतं.

"हळू बोला," नाना म्हणाले.

सुभाषभाऊ दाराला धरून रडत होते. मी घाईने नळी नीट लावली, पिल्लाची नाळ पाहिली, मैनेला तपासलं. सगळं उत्तम. वळून पाहिलं तर आप्पा अजून दारातच उभे. ज्याच्या हाताखाली पन्नास-साठ शिंगरं झाली, तो माणूस चपला काढून आत आला, खाटेजवळ जमिनीवर मांडी घालून बसला.

"नाना," आप्पा म्हणाले, "तुमच्यासमोर झालं?"

"हो."

"सगळं पाहिलं?"

"सगळं."

आप्पांनी टोपी काढली. शाळेत बसल्यासारखे सरळ झाले. "कसं होतं हो? सांगा ना मला."

नानांनी जरा दम घेतला. "आधी दोन खूर दिसले," ते म्हणाले. "एक जरा पुढे, एक जरा मागे..."

"मग?" आप्पांनी विचारलं.