खडकातलं मीठ

आमची मुलगी माल्टात नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. रिसोडचं किराणा दुकान भावाच्या हवाली करून हे कसेबसे निघाले.

ती ड्युटीवर गेली की दिवस सरता सरेना. एका सकाळी मी म्हटलं, समुद्राच्या कडेनं पायवाट जाते, कुठवर जाते ते पाहू.

"बाजूच्या रिठदले जायाचं तं आपण जीप पाहतो," हे म्हणाले, "आन् इथं परमुलखात पायी फिरायचं?"

पण आले. वाट पिवळट खडकावरून होती. एका अंगाला निवडुंग, आपल्या शेताच्या धुऱ्यावर असतो तसाच, पण लालभडक फळांनी लगडलेला. दुसऱ्या अंगाला समुद्र. काठाशी हिरवा, पुढे निळा, त्याहून पुढे शाईसारखा. पाणी तर एकच, मग रंग वेगळे कशाने? मी विचारलं.

"मले काय मालूम," म्हणत यांनी घाम पुसला.

एक वळण घेतलं आणि मी थबकले. खडकात उथळ, चौकोनी हौद खोदलेले, एकाला एक लागून, थेट लाटांपर्यंत.

"अजी, हे कायले खोदले असतील? कपडे रंगवाले?"

तेवढ्यात खाली एक म्हातारी दिसली. डोक्याला रुमाल, हातात लांब दांड्याचा झाडू. हौदाच्या तळाचं पांढरं काहीतरी झाडून ती ढीग लावत होती. हे माझ्याआधी उतरले. वाकून चिमूट उचलली, बोटांत चोळली, जिभेवर ठेवली.

"मीठ आहे व! उभा जन्म मीठ विकलं, पन तयार होताना आज पाह्यलं."

म्हातारी हसली. समुद्राकडे हात करून काही बोलली, त्यातला एकच शब्द माझ्या कानात अडकला, "बहर". उर्दू शाळेत समुद्राला हाच शब्द शिकले होते मी! अंगावर काटाच आला. मी सूर्याकडे बोट दाखवून घाबरत म्हटलं, "शम्स?"

"शेम्श!" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी लहान पोरींसारख्या हसलो. इतक्या दूरच्या बेटावर हे शब्द कसे येऊन राहिले असतील?

यांना वेगळीच काळजी. "पाऊस आला तं काय करत असन ही बाई?" म्हणत त्यांनी बोटं हलवत पाऊस पाडून दाखवला. म्हातारीने कपाळाला हात लावला, मग दोन्ही तळवे पसरले. सगळं मीठ पुन्हा पाणी. हे इतके हळहळले, की तिने झाडू त्यांच्याच हातात दिला. घरी कधी झाडू न धरणारा माणूस तासभर मीठ झाडत राहिला आणि मी काठावर पाण्यात पाय सोडून बघत बसले.

निघताना तिने कागदात मूठभर मीठ बांधून दिलं. रात्री यांनी ते टमाट्याच्या फोडींवर भुरभुरलं, डोळे मिटून चावलं.

"गोड लागते," ते म्हणाले.

"मीठ कुठं गोड राहते का, अब्बा?" मुलगी हसायला लागली.

मीही चाखून पाहिलं. मला खारटच लागलं, पण हे काही केल्या ऐकेनात.