झाकणांचा झणझणाट

न्याराद्झोच्या आजोबांनी, सेकुरूंनी, तिला बजावलं होतं, "मागच्या रेकॉर्डिंगात म्बिरा मेलेला वाटतो. पुन्हा तसं झालं तर मी वाजवणार नाही." म्हणून घरच्या स्टुडिओसाठी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात उतरवणारी डबी, घ्यायला ती हरारेतल्या दुकानात आली, त्यांचा लोखंडी पट्ट्या छेडून वाजवायचा म्बिरा पिशवीत घालून.

विक्रेत्याने सगळ्यात महागडी डबी पुढे केली. "सिसी, ही खरखर आपोआप गाळते."

तिने कानाला हेडफोन लावले आणि म्बिराच्या पट्ट्या छेडल्या. सूर स्वच्छ होते, पण त्याच्या फळीवर झणझणण्यासाठी ठोकलेली बाटलीची झाकणं मुकी झाली होती.

"खरखर नव्हे रे, त्या झणझणाटानेच पूर्वज येतात."

"म्हणजे पूर्वजांसाठी स्वस्तातलं घेणार?" तो हसला.

"त्यांना ऐकू येईल ते घेणार."

तासभर डोळे मिटून तिने सहा डब्या ऐकल्या. शेवटी एक साधी करडी डबी निवडली. तिच्यात एकेक झाकण वेगळं वाजत होतं.

घरी सेकुरूंनी त्या डबीवर केलेलं चाचणीचं रेकॉर्डिंग ऐकलं.

"डावीकडचं झाकण सैल आहे," ते म्हणाले, आणि वाजवायला म्बिरा मागत हात पुढे केला.