हिराबाईचं पाणी

ही गोष्ट मी आमच्या ह्यांनाही सांगितली नाही. हे गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. म्हणजे ज्याला पहिल्यांदा सांगायला हवं होतं, तो माणूसच उरला नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. ऐका मात्र.

सत्तरच्या सुमाराला आम्ही अंधेरीला राहत होतो. मूळचे मालवणकडचे, मासा ताटात कसा दिसतो ते आम्हाला चांगलं ठाऊक. पण ह्यांनी मासे काचेच्या पेटीत ठेवले, तेही खाऱ्या पाण्यातले! बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राने लक्षद्वीपच्या प्रवाळातून आणून दिलेले, बोटाएवढे, निळसर हिरवे. एक वळला की सगळे वळायचे. हे ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी पेटीपाशी जायचे. मला राग यायचा—आणि मीही दुपारभर तिथेच बसलेली असायचे, हे मात्र कधी कळू दिलं नाही. मूल नव्हतं आम्हाला. दोनदा पोटातच गेलं.

पेटीचं पाणी आणायची हिराबाई. वेसाव्याची कोळीण, आमच्या बिल्डिंगची नेहमीची मासेवाली. तिचा नवरा होडी घेऊन खोल समुद्रात जाई. तिथलं पाणी ती प्लास्टिकच्या डब्यात घेऊन यायची. टोपली डोक्यावर, डबा हातात. माझं दुसरं मूल गेलं तेव्हा सख्ख्या बहिणीच्या आधी ती येऊन उशाशी बसली होती. हेही सांगायलाच हवं ना?

एकदा मासे जरा मलूल दिसले. मला वाटलं, पाणी शुद्ध करून घालावं. आपल्याकडे शुद्ध पाणी म्हणजे काय? तांब्याच्या हंड्यातलं. आईने लग्नात दिलेला हंडा चिंचेने घासून लख्ख केला, हिराबाईचं पाणी त्यात ओतून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत घातलं. चांगल्या मनानेच केलं—पण ते सांगायला मी बसलेली नाही.

दुपारपर्यंत मासे एकमेकांपासून सुटले. हा या कोपऱ्यात, तो त्या. वर येऊन नुसती तोंडं उघडत होते. संध्याकाळी सगळे मेले. मी हंडा धुवायला घेतला, तर आतून हिरवा कळकलेला. ताक, आमटी तांब्यात ठेवू नये, कळकते आणि विषारी होते, हे मला परकर नेसत होते तेव्हापासून माहीत. मिठाचंही तेच होईल, हे डोक्यातच आलं नव्हतं. तो हिरवा रंग पाहिला आणि सगळं कळलं. कळलं होतं—एवढं लक्षात ठेवा.

हे आले. पेटीपुढे जमिनीवर बसून रडले. मग विचारलं, पाण्यात काही होतं का?

मी म्हणाले, "आज पाण्याला जरा वास येत होता."

एवढंच. कोणी बोलायला लावलं होतं? हे मारणारे नव्हते, ओरडणारेही नव्हते. 'हिच्या हातात काहीच जगत नाही'—असं त्यांच्या डोळ्यांत दिसेल, याची मला भीती वाटली. दिसलंच असतं असंही नाही.

पुढच्या खेपेला हिराबाई आली, तशी ह्यांनी तिला दारातच फैलावर घेतलं. खाडीचं घाण पाणी आणलंस, फसवलंस. तिला आधी थट्टाच वाटली, हसली. मग माझ्याकडे वळली.

"बाय, तू तरी सांग ना! मी कवा खाडीचा पानी आनलाय?"

मी आत गेले. स्टोव्हला पंप मारत बसले. स्टोव्हवर काहीही नव्हतं.

बिल्डिंगभर झालं. पाण्यात फसवते ती मासळीत काय करील? एकेक दार बंद होत गेलं. शेवटी तिने येणंच सोडलं.

पुढे काही वर्षांनी स्टेशनजवळच्या बाजारात दिसली. वाळली होती. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात तिनेच हाक मारली, हात धरला.

"बाय, मी लय इचार केला. दादल्यानंच आलस केला आसल, काठाचा पानी भरला आसल. तुजी मासली माज्या पान्यानं मेली. माफ कर गो."

रडत होती ती. तेव्हा सांगता आलं असतं—तिथेच, दोन शब्दांत. मी तिचा हात थोपटला. म्हणाले, "जाऊ दे हिराबाई, झालं गेलं."

मी तिला माफ केलं.