मोराच्या मानेतल्या दोन ओळी

सुजाताचा फोन महिन्यातून एकदा ठरलेला असायचा. "बाई, तक्ता आलाय. अत्तम्मा बोलवत्यात," एवढंच ती म्हणायची. तक्ता म्हणजे क्रोशाच्या नक्षीचा, चौकटी-चौकटींचा कागद; आणि अत्तम्मा म्हणजे तिच्या सासूबाई, आमच्या नरसम्मा अक्का. म्हणून दीड महिन्यापूर्वी एका शनिवारी सकाळी फोनवर तिचं नाव दिसलं तेव्हा मी भाजी निवडता निवडताच विचारलं, "आला का गं तक्ता?" ती म्हणाली, "बाई, अत्तम्मा गेल्या." पहाटे छातीत कळ आली, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगणात विडी कारखान्यातल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यातली एक मला बघून शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणाली. मला त्यातले दोनच शब्द कळले, 'अक्का' आणि 'मासिक'.

त्या मासिकानंच आमची गाठ घातली. मी शुक्रवार पेठेतल्या शाळेत शिक्षिका होते आणि विणकाम-भरतकामाच्या एका मासिकाची जुनी वर्गणीदार. वीसेक वर्षांपूर्वी अक्का नातवाच्या दाखल्यासाठी शाळेत आल्या. टेबलावर माझा अंक उघडा पडला होता. दाखला राहिला बाजूला, त्या अंकावरच वाकल्या. बोट चौकटींवरून फिरवत पुटपुटल्या, "तीन भरलेलं, दोन रिकामं, परत तीन... बाई, ही कमळाची पाकळी हाय न्हवं?" मी बघतच राहिले. त्या तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, लग्नानंतर आयुष्यभर विड्या वळलेल्या. मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. पण तक्ता त्यांना असा वाचता येत होता, जसा मला आजही येत नाही.

मग दर रविवारी दुपारी माझ्याकडे बैठक भरू लागली. आम्ही चारपाच बायका, अंक एकच. तो हातोहात फिरायचा, त्यावर चहाचे डाग पडायचे, नक्षीवरून भांडणं व्हायची. अक्का सूचना वाचून दाखवा म्हणायच्या, आणि मी वाचत असताना अक्षरांवरून नजर हलू द्यायच्या नाहीत. त्यांनी स्वतः वाचलेला पहिला मराठी शब्द 'साखळी'. दुसरा 'खांब'; दोन्ही क्रोशाच्या टाक्यांची नावं. दोन वर्षांत त्या अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू लागल्या. मी शाळेत शेकडो मुलांना अक्षरं शिकवली, पण अक्कांना मी शिकवलं असं मला म्हणता येणार नाही. त्या आपल्या आपण शिकल्या, मी फक्त अंक आणत होते.

आणि मग काही वर्षांपूर्वी तो अंक आला, ज्याच्या पहिल्याच पानावर चौकटीत छापलं होतं की, कागदावरचा हा शेवटचा अंक, पुढच्या महिन्यापासून आपण ऑनलाइन भेटू. आमच्या बैठकीत जणू कुणी गेल्याची बातमी आली. एक म्हणाली, आता वर्गणी मागे घ्यायची. दुसरी म्हणाली, फोनवर काय विणायचं, डोकं? मासिकाच्या संकेतस्थळावर वाचकांचे अभिप्राय धो धो येत होते. कुणी आईच्या काळापासूनचे अंक बांधून ठेवले होते, कुणी बाळंतपणात याच अंकांनी सोबत केली असं लिहिलं होतं. मीही पेटले. दोन पानी पत्र लिहिलं, वाचनसंस्कृती, परंपरा, विश्वासघात असे सगळे शब्द त्यात घातले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. अक्कांनीही मराठीत सही केली, पण ती चौकट बोट ठेवून तीनदा वाचल्यावर. माझ्या पत्राला ठरीव उत्तर आलं, 'आपल्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या.'

पहिला ऑनलाइन अंक आला तेव्हा मी हट्टानं उघडला नाही. अक्कांनी सुजाताचा फोन मागून घेतला. त्यात तोरणाची नक्षी होती, समोरासमोर दोन मोर. "बोट लावलं की मोर पळतोय की गं," असं म्हणत त्या तीन दुपारी त्याच्यामागे लागल्या. धाकट्या नातवाची गणिताची चौकटीची वही घेतली आणि घर न् घर पेन्सिलनं भरत तो तक्ता मोठा करून उतरवला. रविवारी माझ्यासमोर वही ठेवून म्हणाल्या, "बाई, हा मोर न्हाय. कोंबडा हाय." खरंच मोराची मान आखूड होती. अक्कांचं म्हणणं, मधल्या दोन ओळी गळाल्यात. त्या त्यांनी आपल्या मनानं घालून विणूनही आणल्या होत्या, आणि त्या पांढऱ्या दोऱ्यातला मोर मान उंच करून उभा होता.

"आपण कळवू या," मी म्हणाले, "मी लिहिते."

"तुमी न्हाय. मी लिहिते."

त्यांनी आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र लिहिलं, सात ओळींचं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं इकडचं तिकडे. मी पेन उचलला तर त्यांनी माझा हात धरला. "शुद्धलेखन बघू नका बाई, मोराची मान बघा." सुजातानं पत्राचा, वहीचा आणि विणलेल्या मोराचा फोटो काढून पाठवला. तिसऱ्या दिवशी स्वतः संपादकबाईंचा फोन आला. चूक त्यांचीच होती, पान ऑनलाइन चढवताना दोन ओळी गळाल्या होत्या. महाराष्ट्रभर कितीतरी बायका कोंबडा विणत बसल्या असत्या! माझ्या दोन पानांनी जे हललं नाही ते त्या सात ओळींनी हललं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला थोडं लागलंच. पण लागण्यापेक्षा छाती फुगली ती जास्त.

संपादकबाईंनी विचारलं, दर महिन्याचा तक्ता प्रसिद्ध होण्याआधी तुम्ही तपासून द्याल का, मानधन देऊ. अक्कांनी फोन कानापासून लांब धरला, क्षणभर विचार केला आणि अट घातली. "तक्ता एका पानावर पाहिजे बगा, अख्खा. काळा-पांढरा. झेरॉक्सच्या दुकानात काढता येईल असा. ज्यांच्याकडं फोन न्हाय त्या बायकांनी काय करायचं?" पुढच्या अंकापासून ते पान सुरू झालं. आज कुठल्याही गावातली बाई तो एक कागद काढून घेते, चार घरी फिरवते. आम्ही मासिकासाठी रडत होतो. अक्कांनी त्यातलं हातात धरायचं होतं ते परत मिळवलं होतं.

त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात यायचं, 'नक्षी तपासणी: नरसम्मा अक्का, सोलापूर'. पहिल्यांदा ते आलं तेव्हा आम्ही दोघी नव्या पेठेत दोरा घ्यायला गेलो होतो. तिथंच झेरॉक्स काढली. अक्का भर गर्दीत, रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभ्या राहून स्वतःचं नाव वाचत होत्या. मग हसून म्हणाल्या, "बाई, चाळीस वर्सं माझ्या विड्यांतली छाट दुसऱ्यानं काढली. ही वाकडी, ही सैल, म्हणून बाजूला टाकली. आता छाट मी काढते!" तो कागद त्यांनी कारखान्यात नेऊन सगळ्या बायकांना दाखवला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बोट ठेवून दाखवला. त्या गेल्या तेव्हा अंगणातल्या बाईच्या तोंडी 'मासिक' हा शब्द का होता, ते आता सांगायला नको.

गेल्या महिन्यात संपादकबाईंनी चाचरत विचारलं, या वेळचा तक्ता कोण बघेल? सुजातानं आम्हा चौघींना घरी बोलावलं. अक्का बसायच्या ती दाराजवळची जागा मोकळी होती. तिथं कुणी बसेना. "बसा की," सुजाता म्हणाली, "घरात उजेड तितंच येतोय." भिंतीला अजून विड्यांच्या तेंदूपानांचा वास होता. आम्ही चौघींनी, त्यातल्या दोघी पदवीधर, एकेक घर मोजत अख्खी दुपार तो तक्ता तपासला आणि 'बरोबर आहे' असं कळवलं. अंक निघाल्यावर चारच दिवसांत एका वाचक बाईंचा निरोप आला. वेलीच्या वळणावर एक घर जास्तीचं भरलेलं होतं.

मी ओशाळून सुजाताला फोन केला. ती खळखळून हसली. सासू गेल्यापासून मी पहिल्यांदाच तिचं हसू ऐकत होते. "चौघी बसला होता न्हवं तुमी?" फोन तसाच हातात धरून ती दाराबाहेर गेली असावी, कारण मला गल्लीतला गलका ऐकू येऊ लागला आणि त्यावर चढलेला तिचा आवाज. आधी तेलुगूत, मग मराठीत, ती शेजारणींना ओरडून सांगत होती, "अगं ऐकलं का, शाळेतल्या बाई धरून चार जणी बसल्या, तरी आमच्या अत्तम्मासारखं जमलं न्हाय!"